बंदी, तातामी आणि हेलसिंकीची कुस्ती : ज्युदो जगभर गेला कसा?

उकेमी (धागाकर्ती)

परवा कुस्तीच्या धाग्यावर एकांनी लिहिलं होतं, "ज्युदो ऑलिंपिकमध्ये गेला कारण जपानकडे पैसा होता. आपल्या कुस्तीमागे कोण होतं?" तिथेच उत्तर लिहायला बसले, पण ते इतकं वाढत गेलं की वेगळा धागा काढते आहे. शाळेपासून बारा वर्षं ज्युदो खेळले, आता लेक खेळते. विषय जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा लांबण चालवून घ्या.

आधी पैशाचं. १९४५ च्या जपानकडे पैसा तर नव्हताच, शाळेत ज्युदो शिकवायची मुभाही नव्हती.

जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक. १८८२ मध्ये तोक्योतल्या एइशोजी देवळात १२ चटयांच्या खोलीत त्यांनी कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. जुन्या जुजुत्सूतले घातक प्रकार बाजूला काढले आणि पडायचं कसं ते आधी शिकवलं. १९०९ पासून ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर होते. १९३८ मध्ये कैरोची बैठक आटोपून 'हिकावा मारू' बोटीने परतताना वाटेतच वारले. शाळांमध्ये ज्युदो आणि केंदो (तलवारबाजी) सक्तीचे होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. त्यांच्यामागे हे सगळं आणखीच लष्कराच्या कह्यात गेलं. क्योतोची दाई निप्पोन बुतोकुकाई ही युद्धकलांची मोठी संस्था १९४२ मध्ये थेट सरकारच्या हाताखाली आली. तातामीवर, म्हणजे सरावाच्या चटईवर, घाम गाळणारी मुलं म्हणजे उद्याचे शिपाई, असा हिशेब होता.

त्यामुळे शरणागतीनंतर जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकन सेनापती मॅकआर्थरच्या प्रशासनाची नजर आधी इथेच गेली. नोव्हेंबर १९४५ मध्ये शाळांतून युद्धकला काढून टाकल्या, १९४६ मध्ये बुतोकुकाई बरखास्त झाली. ज्यांचं पोट शाळेतल्या ज्युदोवर चालत होतं असे शेकडो शिक्षक एका परिपत्रकाने घरी बसले.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त भावते. ज्यांनी बंदी घातली त्यांचेच सैनिक कोडोकानच्या दारात येऊन उभे राहिले. संध्याकाळी ड्यूटी संपली की बूट बाहेर काढायचे, गी (ज्युदोचा पोशाख) चढवायची आणि आपल्या निम्म्या वजनाच्या म्हाताऱ्या शिक्षकाकडून दहा वेळा जमिनीवर आपटून घ्यायचं. पुढे अमेरिकन हवाई दलाच्या कर्टिस लेमे यांनी आपल्या तुकड्यांच्या प्रशिक्षणातच ज्युदो घातला. हे तेच लेमे, ज्यांच्या विमानांनी १९४५ मध्ये तोक्यो जाळलं होतं. त्यांचे हवाई सैनिक कोडोकानमध्ये शिकायला येऊ लागले आणि १९५३ मध्ये दहा जपानी शिक्षकांचं पथक अमेरिकेतल्या हवाई तळांवर फिरलं. ज्युदोबरोबर कराटे आणि आयकिदोचे शिक्षकही त्यात होते.

युरोपात तर जपानची वाटही कुणी पाहिली नाही. १९४८ मध्ये लंडनला युरोपियन ज्युदो युनियन झाली, १९५१ मध्ये जागतिक महासंघ. तो आधी युरोपातल्या लोकांनी उभा केला आणि मग १९५२ मध्ये कानोंचे चिरंजीव रिसेई यांना अध्यक्ष केलं. घर दुसऱ्यांनी बांधलं आणि मूळ मालकाला मानाने आत बोलावलं.

पहिली जागतिक स्पर्धा १९५६ मध्ये तोक्योत झाली. २१ देश, वजनगट नाहीत, जिंकले शोकिची नात्सुई. दुसरी १९५८ मध्ये, तीही तोक्योतच, कोजी सोने. तिसरी १९६१ मध्ये पॅरिसला आणि तिथे अंतोन गेसिंक नावाच्या डच माणसाने याच सोनेंना हरवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्युदो पैशावर पसरला नाही. तो आपलं नाव बदलून जगला. "ही युद्धकला नाही, हा लोकशाही खेळ आहे" असं सांगून १९५० मध्ये तो शाळेत परतला आणि एकदा खेळ म्हटल्यावर तो कुणालाही खेळू द्यावा लागला, जिंकूही द्यावा लागला. त्याची किंमत काय पडली, ते तुमच्याकडून ऐकायचं आहे.

---

लालमाती

उकेमीताई, तो कुस्तीच्या धाग्यावरचा प्रतिसाद माझाच. पैशाचं विधान मागे घेतो. पण तुम्ही लिहिलेल्या बंदीचा आमच्या कऱ्हाडकडच्या माणसांशी थेट संबंध आहे, तो इथे यायलाच हवा.

१९५२, हेलसिंकी. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं कांस्य. ५७ किलोच्या त्या गटात सुवर्ण कुणाचं होतं? जपानच्या शोहाची इशीईचं. आणि इशीई मुळात ज्युदोवाला. युद्धानंतर ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला. त्या हेलसिंकीत जपानला मिळालेलं हे एकमेव सुवर्ण. १९४८ च्या लंडनला तर जपानला बोलावणंही नव्हतं.

खाशाबा इशीईबरोबर खूप वेळ झुंजले आणि गुणांवर हरले. श्वास खाली बसायच्या आत त्यांना सोव्हिएत संघाच्या मामादबेकोवपुढे उभं केलं. मधे विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. आमच्या तालमीत ही गोष्ट अजून सांगतात आणि सांगणाऱ्याचा आवाज दर वेळी त्याच ठिकाणी चढतो.

मी ती लहानपणापासून ऐकत आलो, पण समोरचा इशीई कोण, कुठला, हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात असताना वाचलं आणि सुन्न झालो. म्हणजे तोक्योत एक परिपत्रक निघालं नसतं, तर तो पोरगा गी घालूनच राहिला असता आणि खाशाबांपुढे त्या दिवशी दुसराच कुणी असता. जिंकले असते असं म्हणत नाही. पण दोघंही आपापल्या मातीवरून उठून परक्या मॅटवर आले होते, एक लाल मातीवरून आणि एक तातामीवरून, एवढं मला तेव्हा कळलं.

---

मंदार_ठाणे

धागा उत्तम. एक दुरुस्ती, कारण हे नेहमी सरसकट लिहिलं जातं. बंदी शाळांवर आणि बुतोकुकाईवर होती. कोडोकान बंद झालंच नव्हतं, तिथला सराव चालू राहिला. १९४८ मध्ये तर अखिल जपान अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि १९४९ मध्ये राष्ट्रीय महासंघ, म्हणजे शाळांची बंदी उठायच्याही आधी. तेव्हा "ज्युदो बंद होता" असं न म्हणता "ज्युदोचं पोट बंद होतं" असं म्हणा.

आणि ते पोट भरायला काय काय करावं लागलं ते बघा. मासाहिको किमुरा, युद्धाआधीचा अजिंक्य मल्ल. १९४९ चं अजिंक्यपद संयुक्त मिळालेलं. घरी बायको क्षयाने आजारी, हातात पैसा नाही. १९५० मध्ये त्यांच्या गुरूंनी, तात्सुकुमा उशिजिमांनी, तिकीट लावून व्यावसायिक ज्युदो सुरू केला, तो काही महिन्यांत बुडाला. किमुरा परदेशी निघाले. २३ ऑक्टोबर १९५१ ला रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्यांनी ब्राझीलच्या एलिओ ग्रेसीचा हात उदे-गारामीत, म्हणजे हात पिळायच्या डावात, धरला. ग्रेसी शरण येईनात. हात मोडला, तरी येईनात, शेवटी त्यांच्या बाजूने टॉवेल आला. ब्राझीलवाल्यांनी त्या डावालाच 'किमुरा' नाव दिलं. आज ठाण्या-मुंबईत ब्राझिलियन जुजुत्सू शिकणारी पोरं "किमुरा लाव" म्हणतात, तेव्हा ती औषधाच्या पैशासाठी समुद्रापार गेलेल्या एका माणसाचं नाव घेत असतात.

कोडोकानने मात्र किमुरांना सातव्या दानच्या (काळ्या पट्ट्यातल्या श्रेणीच्या) वर कधीच नेलं नाही.

---

उकेमी

मंदार, दुरुस्ती मान्य. "पोट बंद होतं" हेच बरोबर.

लालमाती, इशीई कुस्तीत आला हे ठाऊक होतं, पण खाशाबांच्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. त्यात एक भर. जपानमधली ऑलिंपिक धाटणीची कुस्ती रुजवणारे इचिरो हात्ता हेसुद्धा वासेदा विद्यापीठाचे ज्युदोवाले. वाट आधीच पडलेली होती, बंदीनंतर तिच्यावरून जाणारे वाढले.

---

अवंती_ल्यों

मी गेली नऊ वर्षं ल्योंजवळ राहते. इथे ज्युदो हा परदेशी खेळ आहे असं कुणाला वाटतच नाही. आपल्याकडे सुट्टीत पोरं पोहायला घालतात, तशी इथे चार-पाच वर्षांची झाली की ज्युदोला. नोंदणीकृत खेळाडू पाच लाखांच्या वर. गावात बेकरी असते आणि दोजो, म्हणजे ज्युदोची तालीम, असतो.

याचं मूळ मिकिनोसुके कावाइशींपाशी जातं. १९३५ मध्ये ते पॅरिसला आले, युद्धात जावं लागलं, १९४८ मध्ये परत आले. तोवर त्यांच्या शिष्यांनी १९४६ मध्येच महासंघ काढला होता. कावाइशींनी ओळखलं की इथला माणूस पांढऱ्या पट्ट्यावर पाच वर्षं गप्प बसणार नाही. म्हणून पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी अशी पट्ट्यांची शिडी इथे पक्की केली आणि डावांना क्रमांक दिले, म्हणजे जपानी शब्द अडखळले तरी शिकता येईल. कोडोकानच्या लोकांना हे फारसं रुचलं नव्हतं. पण माझ्या मुलाने पिवळा पट्टा बांधला त्या दिवशी तो रात्री सोडायला तयार नव्हता, कमरेला तसाच बांधून झोपला. कावाइशींना माणसं कळत होती.

दोजोच्या भिंतीवर आठ शब्द लिहिलेले असतात : मैत्री, धैर्य, प्रामाणिकपणा, मान, नम्रता, आदर, आत्मसंयम, सभ्यता. ही ज्युदोची नीतिसंहिता मुलांना पाठ असते. ही जपानहून आलेली नाही, १९८० च्या दशकात इथेच लिहिली गेली. उकेमीताई, तुमच्या "किंमत काय पडली"ला माझं उलट उत्तर आहे : फ्रेंचांनी ज्युदो आपला करून घेतला, म्हणून तो इथे मुळं धरून उभा आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये मिश्र सांघिक अंतिम लढत ३-३ अशी अडकली, गट ठरवायला पडद्यावर चक्र फिरलं आणि फ्रान्सच्या तेदी रिनेरचा वजनगट आला. आमच्या इमारतीतल्या आजीबाईसुद्धा गॅलरीत येऊन ओरडत होत्या. हरला कोण, तर जपान.

---

शाईपेन

१९६४ शिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही. मी तेव्हा सातवीत होतो. वडिलांनी वर्तमानपत्रातलं कात्रण कापून वहीत चिकटवलं होतं. ते कुस्तीचे षौकीन, ज्युदो त्यांनी पाहिलाही नव्हता.

१९६० मध्ये रोमच्या बैठकीत ज्युदोला ऑलिंपिकमध्ये घ्यायचं ठरलं. खुद्द कानो यासाठी कधी मागे लागले नव्हते. १९३६ मध्ये लंडनच्या गुंजी कोइझुमींना त्यांनी सांगितलं होतं, इतर देशांची इच्छा असेल तर माझी हरकत नाही, पण मी होऊन पुढाकार घेणार नाही, कारण ज्युदो हा नुसता खेळ नव्हे. तोक्योत त्यासाठी निप्पोन बुदोकान बांधलं. चार गट होते : ६८ किलो, ८० किलो, ८० च्या वर आणि खुला. नाकातानी, ओकानो, इनोकुमा यांनी पहिली तिन्ही सुवर्णं घेतली. पण जपानचा जीव अडकला होता चौथ्यात. खुला गट म्हणजे ज्युदोचा मूळ दावा : वजनाला महत्त्व नाही.

२३ ऑक्टोबर, समोरासमोर आकिओ कामिनागा आणि गेसिंक. गेसिंक १.९८ मीटर उंच. त्यांना घडवणारे हाकू मिचिगामी हे जपानीच, फ्रान्समध्ये राहून शिकवणारे. नऊ मिनिटांनंतर कामिनागांनी डाव टाकला, तो फसला आणि गेसिंकने खाली केसा-गातामेत दाबून धरलं. तीस सेकंद. घंटा वाजली, सगळं सभागृह गप्प.

तेवढ्यात आनंदाने बेभान झालेले डच पाठीराखे तातामीकडे धावले. गेसिंक अजून नीट उठलेही नव्हते. त्यांनी हात उंचावून त्यांना तिथेच थोपवलं. तातामीवर बूट घालून यायचं नाही, आणि समोरच्याला वाकून नमस्कार केल्याशिवाय लढत संपत नाही. मग उठले, गी नीट केली, कामिनागांसमोर वाकले.

साठ वर्षं झाली, मी तो हात विसरलो नाही. चित्रफीत पुढे कितीतरी वर्षांनी पाहायला मिळाली, पण वडिलांनी वाचून दाखवलं तेव्हाच तो डोळ्यांपुढे उभा राहिला होता. जपान त्या दिवशी हरला असं मला वाटत नाही. कानोंनी १२ चटयांवर जे शिकवायला घेतलं होतं, ते परक्या देशातल्या माणसाला एवढं मुरलं होतं.

---

मंदार_ठाणे

शाईपेनकाका, पूर्ण सहमत. त्याच ऑलिंपिकमधला अमेरिकेचा ज्युदो संघ पाहा. चार जण : एक ज्यू, एक कृष्णवर्णीय, एक जपानी वंशाचा आणि एक मूळ अमेरिकन रक्ताचा. त्यातले जॉर्ज हॅरिस हवाई दलात ज्युदो शिकलेले, म्हणजे लेमेंच्या त्याच कार्यक्रमातून आलेले. बेन नाइटहॉर्स कॅम्पबेल पुढे सिनेटर झाले. जिम ब्रेगमन यांना ८० किलोत कांस्य.

---

स्वरा_नाशिक

सगळे पुरुषांबद्दलच लिहिताय. कोडोकानमध्ये बायकांचा विभाग १९२६ पासून होता, पण त्यांनी काता (ठरलेल्या डावांची प्रात्यक्षिकं) करायचे, स्पर्धा नाही. बंदी उठली ती मुलांसाठी. जपानमध्ये महिलांची वजनगटांची राष्ट्रीय स्पर्धा व्हायला १९७८ उजाडलं.

रस्टी कानोकोगी. ब्रुकलिनची मुलगी. १९५९ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या स्पर्धेत पुरुषांच्या संघातून केस कापून, छाती बांधून उतरली आणि जिंकली. "तू बाई आहेस का?" विचारल्यावर खोटं बोलली नाही. पदक काढून घेतलं. १९६२ मध्ये ती कोडोकानला गेली, तिथे बायकांना भारी पडायला लागली तेव्हा तिला पुरुषांच्या मुख्य दालनात सरावाला घेतलं. तोवर असं कुणाही बाईला मिळालं नव्हतं. १९८० मध्ये तिने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महिलांची पहिली जागतिक स्पर्धा भरवली, आणि पैसे कमी पडले म्हणून स्वतःचं घर गहाण टाकलं. १९८८ ला सोलमध्ये महिला ज्युदो प्रात्यक्षिक म्हणून आला, १९९२ ला बार्सिलोनात पदकांसह.

मणिपूरच्या सुशीला देवीने राष्ट्रकुलमध्ये दोनदा रौप्य घेतलं, २०१४ आणि २०२२. दोन्ही वेळा मला रस्टीची आठवण आली.

---

लालमाती

घर गहाण! स्वराताई, खाशाबा हेलसिंकीला जावेत म्हणून राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार उभे केले होते. हे वाचून दोन मिनिटं काही टंकता आलं नाही.

---

उकेमी

मलाही नाही.

किंमतीबद्दल आता माझं लिहिते. मी नववीत असताना कॉलरबोन मोडून घेतलं. आमच्याकडे काथ्याच्या गाद्यांवर ताडपत्री ताणलेली असायची आणि दोन गाद्यांच्या मधे चार बोटं फट पडायची. जिल्हास्तर तोंडावर आलं होतं, म्हणून शिक्षकांनी उकेमी, म्हणजे पडण्याचा सराव, गुंडाळून आम्हाला थेट ओसोतो-गारीला, म्हणजे पाय मागून उडवून पाडायच्या डावाला, लावलं. मी मागे पडताना हात टेकला. जो हात जमिनीवर सपाट आपटायचा, तो टेकला. आवाज आधी आला, दुखणं नंतर. त्या वर्गाचं नाव घेणार नाही, त्यांनाही वरून पदकांचाच तगादा होता.

हे सांगायचं कारण, जपानमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणात झालं. १९८३ पासूनच्या तीन दशकांत तिथल्या शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून जास्त मुलं दगावली. बहुतेक डोक्याच्या दुखापतींनी, बहुतेक नवशिकी. राष्ट्रीय संघातल्या १५ मुलींनी प्रशिक्षकाच्या मारहाणीबद्दल लेखी तक्रार केल्याचं २०१३ मध्ये उघड झालं. आणि २०२२ मध्ये जपानच्या महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. लहान मुलांचं वजन उतरवणं आणि जिंकण्यासाठी काहीही करणं वाढलं होतं म्हणून. आपल्याच घरच्या स्पर्धेवर आपणच घातलेली बंदी. १९४५ ची दुसऱ्यांनी लादलेली होती. ही स्वतःहून घेतली, म्हणून मला ती मोठी वाटते.

अवंती, तुझ्या भिंतीवरचे आठ शब्द वाचून हेवा वाटला. आमच्या भिंतीवर फक्त पदकतालिका होती.

---

शाईपेन

या सगळ्यात आपल्या देशाचा धागा जुना आहे, तो नोंदवून ठेवतो. १९२९ मध्ये रवींद्रनाथांनी शिंझो ताकागाकी यांना शांतिनिकेतनला बोलावलं आणि तिथे मुलांबरोबर मुलीही ज्युदो शिकल्या. ते टिकलं नाही. आपला महासंघ १९६५ चा. मुंबईचे कावस बिलिमोरिया १९९२ ला बार्सिलोनात खेळले, आणि २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये कपिल परमारने कांस्य आणलं, ज्युदोतलं आपलं पहिलं. त्याला जवळजवळ दिसत नाही. दृष्टिबाधितांच्या ज्युदोत लढत सुरू होतानाच दोघं एकमेकांची गी धरून उभे असतात, बाकी सगळं हाताला कळतं.

---

लालमाती

एक शंका. आमच्या तालमीत गेल्या वर्षी एक ज्युदोचा मुलगा सरावाला आला. धोबीपछाड त्याला झटक्यात आली, म्हणाला आमच्याकडे याला सेओई-नागे म्हणतात. पण पट काढायला गेलं की हात आखडायचा. विचारलं तर म्हणे पायाला हात लावायचा नाही. हे खरं?

---

उकेमी

खरं आहे. २०१० मध्ये निर्बंध आले, २०१३ पासून आंतरराष्ट्रीय लढतीत पायाला हात लावून डाव टाकणं पूर्ण बंद. कुस्तीसारखं वाकून खेळणं वाढलं होतं, ज्युदो वेगळा दिसावा म्हणून. मला तो नियम आजही पटलेला नाही. मोरोते-गारी, म्हणजे तुमचा दुहेरी पट, माझा आवडता डाव होता. लेकीने तो फक्त माझ्या तोंडून ऐकला आहे.

---

लालमाती

मग रविवारी सकाळी सहाला तिला घेऊन या. पोरी आहेत आमच्याकडे सात-आठ. उतरताना माती कपाळाला लावायची, तेवढी एक रीत.

---

उकेमी

येतो. तातामीला वाकायची सवय आहे तिला, माती लावायला सांगावं लागणार नाही. पट मात्र पहिल्यापासून शिकवा, डावा पाय पुढे ठेवून. ती डावखुरी आहे.